वाचनाचा वेग कुठे वाढवला, कुठे मुद्दाम कमी केला

एमपीएससीच्या अभ्यासात माझी अडचण एकच होती, वाचून संपायचंच नाही. ओळीखाली पेन्सिल सरकवत वाचायला लागलो, तशी नजर उगाच मागे जायची थांबली आणि वेग लगेच वाढला. मग मनातल्या मनात उच्चार करणंही बंद करून पाहिलं. पानं भराभर उलटली, पण राज्यघटनेत गाडी अडली. कलम ३५२ च्या आणीबाणीला संसदेची मंजुरी एका महिन्यात लागते, तीही विशेष बहुमताने. ३५६ च्या राष्ट्रपती राजवटीला दोन महिन्यांत, साध्या बहुमताने. घाईत वाचलं की दोन्हींची सरमिसळ होते, आणि परीक्षेत पर्यायही नेमके तसेच फसवे असतात.

वाचनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि सहकाऱ्यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला संशोधन-आढावा हेच सांगतो: वेग खूप वाढवला की आकलन घटतं. शब्दसंग्रह आणि भाषेची जाण वाढली तर मात्र आकलन राखून वेग वाढतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. आता आधी मथळे चाळतो, ओळखीचा भाग झरझर वाचतो. कलमं मात्र पुटपुटत, आणि शेवटी पुस्तक मिटून मुदत व बहुमत कागदावर लिहून काढतो. जे आठवत नाही, तेवढंच परत वाचतो.