डिशची केबल घेताना खिशात लोहचुंबक ठेवा
दुकानात नुसतं ‘डिशची वायर द्या’ म्हटलं, की कधी कधी जुन्या केबल टीव्हीची बारीक आरजी-५९ हातात पडते. ती नको, ७५ ओहमची आरजी-६ मागा. टोक सोलून मधल्या तारेला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत पोलाद, वर तांब्याचा नुसता मुलामा. दहा-पंधरा मीटरला तीही चालते. पण डिश गोठ्यावर आणि टीव्ही माजघरात असेल तर अस्सल तांब्याचीच घ्या, कारण एलएनबीला (डिशसमोरची सिग्नल पकडणारी डबी) लागणारे १३-१८ व्होल्ट याच तारेतून जातात आणि लांबच्या पोलादी तारेत ते वाटेतच कमी होतात. वरचं आवरण काळं, उन्हाला टिकणारं हवं. आमच्या अकोल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की हलकं आवरण तडकतं, मग पावसाचं पाणी थेट आत. आणि हो, कवेलूंवरून लोंबती सोडू नका; वानरं झोके घेतात.