जुनं सजवलेलं कुराण बघायचं कसं

अरबी येत नसलं तरी चालतं, फक्त सुरुवात उजवीकडून करायची, कारण पुस्तक तिकडूनच उघडतं. उदाहरणार्थ सुलतान बायबर्सचं कुराण घ्या, कैरोमध्ये 1304 ते 1306 दरम्यान झालेलं, सात खंड, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पहिली नुसती नक्षीची पानं येतील, ती घाईत पुढे ढकलू नका प्लीज, स्क्रीनवर झूम करून एक पट्टी पकडा आणि नजरेने तिच्यामागे जा, ती कुठे वर जाते कुठे खाली जाते, मग चांदण्या आणि चौकोन आपोआप उलगडायला लागतात. माणूस किंवा प्राणी कुठेच दिसणार नाही, पवित्र ग्रंथात ती चित्रं काढत नसत, म्हणून तर सगळी कमाल भूमितीत आणि वेलबुट्टीत उतरलीय!

मग मजकूर. अक्षरं सोन्याची, स्वरांच्या खुणा लाल, बाकीच्या खुणा निळ्या, म्हणजे रंग नुसते शोभेला नाहीत, वाचताना उच्चार चुकू नये म्हणून आहेत. ओळीतलं छोटं सोनेरी फूल म्हणजे आयत, म्हणजे कुराणातलं एक वचन, संपली. समासातल्या मोठ्या नक्षीदार खुणा साधारण पाच-दहा आयती मोजायला असतात. सजवलेली आडवी पट्टी आली की नवी सुरा, म्हणजे नवा अध्याय.

आणि नावं नक्की शोधा. अक्षरं इब्न अल-वहीदची, नक्षीकामात तिघं, त्यातला एक अबू बक्र ऊर्फ संदल. मला वाटतं सुलतानापेक्षा हीच नावं आधी लक्षात राहायला हवीत.