निकस जमिनीत तृणधान्याला शेणखत आणि रासायनिक खत एकत्र कसं द्यावं

हलक्या, निकस जमिनीत युरिया टाकला की पीक काही दिवस हिरवंगार दिसतं आणि मोठा पाऊस झाला की पुन्हा पिवळं पडतं. युरियातलं नत्र (नायट्रोजन) धरून ठेवायला मातीत सेंद्रिय कर्बच (कुजलेल्या शेण-काडीकचऱ्यातून येणारा) नसतो, ते मुळांखाली वाहून जातं. नुसत्या शेणखताची गत उलटी. त्यातलं अन्न इतकं सावकाश सुटतं की फुटव्यांच्या वेळी (बुंध्यातून नवे कोंब फुटताना) पिकाची उपासमार होते. म्हणून दोन्ही हवीत, पण आपापल्या वेळेला.

आधी माती तपासून घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. बांधाजवळची किंवा उकिरड्याखालची माती घेऊ नका.

खरी चूक होते ती शेणखतात. अर्धकच्चं खत घातलं की काडीकचरा कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. वर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि तणाचं बी येतं ते वेगळंच. ढिगात लोखंडी गज खुपसून थोड्या वेळाने काढा. गज गरम लागला तर खत अजून कुजतंय, थांबा. तयार खत काळसर, भुसभुशीत असतं, शेणाचा वास येत नाही आणि काडी चिमटीत तुटते. असं खत पेरणीआधी दोन-तीन आठवडे पसरून लगेच मातीत मिसळा. उन्हात पडू दिलं तर त्यातलं नत्र उडून जातं.

आता हिशोब. समजा, माती तपासणीनंतर मिळालेली शिफारस हेक्टरी ८० किलो नत्राची आहे. पाच टन शेणखतात साधारण २५ किलो नत्र असतं, पण पहिल्या हंगामात ढोबळमानाने त्यातलं तिसरा हिस्साच, म्हणजे ८ किलो धरा. उरले ७२. स्फुरदासाठी (फॉस्फरस) १०० किलो डीएपी, म्हणजे स्फुरद आणि नत्र दोन्ही असलेलं खत, देणार असाल तर त्यातून १८ किलो नत्र मिळतं. राहिलेल्या ५४ किलोंसाठी सुमारे ११७ किलो युरिया लागेल. डीएपीतलं नत्र वजा करायला बरेच जण विसरतात, नत्र जास्त होतं आणि पीक लोळतं.

स्फुरद, पालाश (पोटॅश) पेरणीलाच द्या, बियाण्यापासून चार-पाच सेंटीमीटर बाजूला आणि खाली. खत बियाण्याला चिकटलं तर उगवण मार खाते.

युरिया एकदम कधीच देऊ नका. रेताड जमिनीत तर तीन हप्ते बरे: थोडा पेरणीला, मोठा फुटव्यांच्या वेळी (मका असेल तर गुडघाभर झाल्यावर), उरलेला कणसं धरण्याआधी. जमिनीत ओल असताना, तण काढून द्या आणि कोळपणीने (ओळींमधली माती हलवून) झाका. भर पावसात किंवा कोरड्या मातीवर फेकलेला युरिया वाया जातो.

पहिल्या वर्षी एका पट्ट्यात शेणखत घालू नका, रासायनिक खत मात्र सगळीकडे सारखं द्या. पावसाने ताण दिला की दोन्हीकडची माती खुरप्याने उकरून ओल पाहा, शेणखताने काय फरक पडला ते कळेल.