टॅब्लेट फास्ट की लॅपटॉप, हे घरच्या घरी नीट कसं तपासायचं

मध्यंतरी बहिणीने बेंचमार्कचा, म्हणजे मशीनचा वेग मोजून आकडा देणाऱ्या ॲपचा, एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, दादा बघ ना, टॅबचा स्कोअर लॅपटॉपपेक्षा जास्त आहे, मग टॅबच घेऊ ना? आकडा खोटा अजिबात नव्हता. पण तिचं काम काय, तर तास-तासभराचे व्हिडिओ एडिट करून एक्सपोर्ट करणं, म्हणजे शेवटची फाईल बनवणं, आणि त्या आकड्यातून या कामाबद्दल जवळजवळ काहीच कळत नव्हतं. मग दोन्ही मशीन उसनी आणली, समोर ठेवली आणि स्टॉपवॉच लावून मोजत बसलो. दोन दिवस गेले, पहिल्या दिवसाचं निम्मं मोजमाप फेकून द्यावं लागलं कारण पद्धतच चुकली होती. कोणाला उपयोग होईल म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की टॅबची चिप म्हणजे दुबळी चिप. ॲपलची एम१ चिप नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकबुक एअरमध्ये आली आणि २०२१ मध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्ये बसली. एम४ च्या वेळी तर उलटंच झालं, मे २०२४ मध्ये ती आधी आयपॅड प्रोमध्ये आली आणि मॅकला वर्षाच्या शेवटी मिळाली. विंडोजकडेही तेच, २०२४ च्या सरफेस प्रो टॅबमध्ये आणि सरफेस लॅपटॉपमध्ये स्नॅपड्रॅगन एक्सच्याच चिप आहेत. म्हणजे चिपचं नाव बघून निकाल लावायचे दिवस गेले. फरक पडतो तो चिपच्या आजूबाजूला काय आहे यामुळे, म्हणजे उष्णता बाहेर कशी जाते, मेमरी किती आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टीम ॲपला किती मोकळीक देते.

यातली उष्णता सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच स्कोअरमध्ये दिसत नाही. बहुतेक टॅबला फॅन नसतो, पाच-सहा मिलिमीटर जाडीची बॉडी असते, सगळी उष्णता मागच्या पत्र्यातून हळूहळू बाहेर पडते. त्यामुळे पहिली काही मिनिटं चिप पूर्ण जोरात पळते, मग तापते आणि स्वतःच वेग कमी करते, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. बिनफॅनच्या लॅपटॉपचंही तेच होतं. एम१ मॅकबुक एअरला फॅन नाही आणि त्याच चिपच्या १३ इंची मॅकबुक प्रोला आहे, छोट्या कामात दोघं बरोबरीत असतात आणि लांबलचक रेंडरला (व्हिडिओ किंवा चित्र मशीनकडून तयार करून घ्यायला) लावले की फॅनवाला पुढे निघतो. चिप तीच, फक्त वारा मिळाला. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या मिनिटाचा वेग बघू नका, विसाव्या मिनिटाचा बघा, आणि तोही तुमच्या स्वतःच्या कामावर.

आता तयारी. ही कंटाळवाणी वाटते पण माझा पहिला दिवस इथेच वाया गेला. दोन्ही मशीन अपडेट करा आणि अपडेट झाल्या झाल्या टेस्ट करू नका, कारण त्यानंतर बराच वेळ मागे फोटो स्कॅन, फाईल इंडेक्सिंग असलं काहीतरी चालू असतं, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सुरू करा. रिस्टार्ट करा, दहा मिनिटं थांबा. टॅबचं कव्हर काढा, कव्हरमुळे उष्णता अडकते. दोन्ही एकाच खोलीत, टेबलावर ठेवा, गादीवर नको. ब्राइटनेस डोळ्याला सारखा वाटेल इतपत ठेवा. लो पॉवर मोड, बॅटरी सेव्हर बंद, आणि विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर.

चार्जर लावायचा की नाही? दोन्ही प्रकारे मोजा, एकदा लावून आणि एकदा काढून. बरेच विंडोज लॅपटॉप चार्जर काढला की मुद्दाम वेग कमी करतात, बॅटरी टिकावी म्हणून. टॅबचं मात्र उलटं होऊ शकतं, चार्ज होताना बॅटरी स्वतः गरम होते, त्यात चिपची उष्णता मिळते आणि टॅब लवकर थ्रॉटल होतो. मी पहिल्या दिवशी दोन्ही चार्जिंगला लावूनच मोजत होतो आणि टॅबवर अन्याय करत होतो.

बेंचमार्क ॲप चालवायला हरकत नाही, फक्त कोणतं कशासाठी हे माहीत पाहिजे. गीकबेंच ६ सगळ्या सिस्टीमवर चालतं, त्यात इंटेलच्या कोअर आय७-१२७०० ला २५०० धरून बाकीच्यांचे स्कोअर काढलेत, त्यामुळे ५००० म्हणजे साधारण त्याच्या दुप्पट असं वाचता येतं. कोअर म्हणजे चिपमधला काम करणारा एक भाग, सिंगल कोअरचा आकडा ॲप उघडणं, वेबपेज, टायपिंग असल्या रोजच्या चपळाईचा, मल्टी कोअरचा जड कामाचा. पण ही टेस्ट काही मिनिटांतच संपते, टॅब तापायच्या आतच, म्हणून बहिणीच्या स्क्रीनशॉटमध्ये टॅब पुढे होता. आणि गीकबेंच ५ चा आकडा ६ च्या शेजारी ठेवू नका, दोन्हीची मोजपट्टीच वेगळी आहे. अंतुतू हे असंच दुसरं बेंचमार्क ॲप, त्याचा स्कोअर एकाच सिस्टीमवरच्या दोन मशीनमध्ये बघा, अँड्रॉइड विरुद्ध आयपॅड विरुद्ध विंडोज असा लावला तर त्याला अर्थ राहत नाही.

ब्राउझिंगसाठी स्पीडोमीटर ३ चांगलं, ते वेबसाइटवरच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला या सगळ्यांनी मिळून २०२४ मध्ये आणलंय. एक लक्षात ठेवा, यात चिपबरोबर ब्राउझरही मोजला जातो, म्हणून तुम्ही रोज जो ब्राउझर वापरता त्यातच चालवा.

माझ्या मते सगळ्यात कामाची रेडीमेड टेस्ट म्हणजे थ्रीडीमार्क या ग्राफिक्स तपासणाऱ्या ॲपमधली वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीमची स्ट्रेस टेस्ट. एकेक मिनिटाच्या २० फेऱ्या सलग होतात आणि शेवटी प्रत्येक फेरीचा स्कोअर मिळतो, शिवाय स्टॅबिलिटी टक्क्यात, म्हणजे सगळ्यात वाईट फेरी सगळ्यात चांगलीच्या किती टक्के होती ते. त्यात सीन आतमध्ये फोर-केमध्येच रेंडर होतो म्हणून छोट्या स्क्रीनवाल्याला फुकटचा फायदा मिळत नाही. पण नुसती स्टॅबिलिटी बघून फसू नका, ९८ टक्के स्टॅबिलिटी म्हणजे कधीकधी मशीन पहिल्यापासूनच हळू आहे एवढंच असतं. शेवटच्या फेरीचा प्रत्यक्ष स्कोअर बघा, दोन्हीचा शेजारी शेजारी लिहा.

आता खरी टेस्ट, तुमचं स्वतःचं काम. इथे वेळ द्या.

व्हिडिओ असेल तर एकच क्लिप दोन्हीवर कॉपी करा आणि शक्यतो दोन्हीवर मिळणारं एकच ॲप घ्या, दाविंची रिझॉल्व्ह आयपॅडवरही आहे २०२२ पासून. रिझोल्यूशन, फ्रेम रेट, कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) चारही सारखे ठेवा. एक्सपोर्ट झाल्यावर दोन्ही फाईलची साइज बघा, एक ५०० एमबी आणि दुसरी १.२ जीबी आली तर सेटिंग सारखी नव्हती, पुन्हा करा. आणि एन्कोडर तपासा. आजकालच्या चिपमध्ये व्हिडिओ बनवायला वेगळा भाग असतो, त्याला हार्डवेअर एन्कोडर म्हणतात. टॅबवरची ॲप्स बहुतेक तोच वापरतात, लॅपटॉपवर मात्र काही सॉफ्टवेअर आपणहून सीपीयूवर, म्हणजे चिपच्या मुख्य भागावर, एन्कोड करतात, जे बरंच हळू असतं पण त्याच साइजमध्ये क्वालिटी चांगली देतं. हे न बघता तुलना केली तर टॅब कितीतरी फास्ट आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात तुम्ही दोन वेगळी कामं मोजलेली असतात.

मग तोच एक्सपोर्ट पाच वेळा सलग करा, मध्ये थांबायचं नाही, प्रत्येक वेळेची नोंद करा. समजा पहिला चार मिनिटांत झाला आणि पाचवा सहा मिनिटांत, तर त्या मशीनचा खरा वेग सहा मिनिटं आहे. लहान रील करणाऱ्याला पहिला आकडा लागू, तासभराचे व्हिडिओ करणाऱ्याला पाचवा. ही एक टेस्ट केलीत तरी अर्धं उत्तर मिळतं.

फोटोवाल्यांनी ५० रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाईल) घेऊन एकच प्रीसेट लावून एक्सपोर्ट करावेत. एक्सेलवाल्यांनी वेग मोजायच्या आधी फाईल चालते का ते बघा, आयपॅड आणि अँड्रॉइड टॅबच्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो (एक्सेलच्या आत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) चालतच नाहीत, तिथे किती फास्ट हा प्रश्नच येत नाही.

मेमरीची टेस्ट सोपी आहे. ब्राउझरमध्ये २० टॅब उघडा, एका टॅबमध्ये एखादा फॉर्म अर्धवट भरून ठेवा, मग फोटो एडिटर, पीडीएफ, नकाशा, व्हिडिओ अशी सातआठ ॲप्स एकामागून एक उघडा आणि परत त्या फॉर्मवर या. पान पुन्हा लोड झालं आणि भरलेलं गेलं तर सिस्टीमने ते मेमरीतून काढून टाकलं होतं. टॅब्लेट हे सर्रास करतात. लॅपटॉप मेमरी भरली की एसएसडीवर (फाईल साठवायच्या ड्राइव्हवर) सामान हलवतो, हळू होतो पण सहसा काम टाकत नाही. आयपॅडमध्येही अशी सोय आयपॅडओएस १६ पासून एम१ आणि पुढच्या चिपवर आली, पण स्टोरेज कमी असलेल्या मॉडेलवर ती मिळेलच असं नाही.

याच्याच जोडीला बॅकग्राउंड तपासा. मोठा एक्सपोर्ट किंवा अपलोड लावा, दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन दहा मिनिटं काहीतरी लिहा, परत या. काम पूर्ण झालंय की जिथे सोडलं तिथेच थांबलंय? लॅपटॉपवर हा प्रश्न पडत नाही. आयपॅडवर २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये अशी लांब कामं मागे चालवायची सोय आली, पण ॲप बनवणाऱ्याने ती वापरली असेल तरच, त्यामुळे तुमच्या ॲपवरच बघा. टॅबवर १० मिनिटांत होणारा एक्सपोर्ट तुम्हाला स्क्रीनकडे बघत बसवत असेल तर मागे निवांत चालणारा १५ मिनिटांचा परवडतो, असं मला तरी वाटतं.

फाईल कॉपीसाठी १० जीबीचं फोल्डर एकाच पेन ड्राइव्हवरून किंवा एसएसडीवरून दोन्हीकडे टाका. इथे केबलच्या तोंडावर जाऊ नका, यूएसबी-सी हा फक्त आकार आहे. उदाहरणार्थ दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडला यूएसबी-सी आहे पण वेग यूएसबी २ चा, ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावरसुद्धा सेकंदाला ६० एमबीच. स्वस्त टॅब आणि स्वस्त लॅपटॉप दोन्हींत ईएमएमसी नावाचं हळू स्टोरेज सापडतं, ते सेकंदाला दोन-तीनशे एमबीच्या आसपास वाचतं, तर चांगल्या लॅपटॉपची एनव्हीएमई एसएसडी हजारोंत.

टॅब जिथे खरंच पुढे असतो ते पेन आणि टच. चित्रं काढत असाल तर फोनचा २४० फ्रेमचा स्लो मोशन कॅमेरा लावा, पेनने झरकन रेघ ओढा आणि मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे करत पेनचं टोक आणि रेघ यांच्यात किती फ्रेमचा फरक पडतो ते मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. ॲपल पेन्सिलचा लॅग, म्हणजे रेघ मागे राहण्याचा वेळ, २०१९ मध्ये नुसत्या आयपॅडओएस १३ च्या अपडेटने २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचं ॲपलने सांगितलं होतं, आणि हा फरक हाताला कळतो. स्क्रीन ६० हर्ट्झ असेल तर नवीन चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १२० असेल तर ८.३ ने. हे कुठल्याच सीपीयू स्कोअरमध्ये येत नाही. स्क्रीन बंद असताना उचलून कामाला लागेपर्यंतचा वेळही मोजा, तिथे टॅब बहुतेक वेळा जिंकतो.

बॅटरी टक्क्यांत मोजू नका. बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॅट-अवरमध्ये मोजतात, एम१ मॅकबुक एअरची बॅटरी ४९.९ वॅट-अवरची आणि एम१ आयपॅड प्रो ११ इंचाची २८.६५ ची, म्हणजे दोघांनी १० टक्के खाल्ले तरी एकाने जवळपास ५ वॅट-अवर खर्च केले आणि दुसऱ्याने ३ पेक्षाही कमी. टक्के गुणिले क्षमता करा, मग कळतं एका एक्सपोर्टला खरा खर्च किती.

प्रत्येक टेस्ट तीनदा करा आणि मधला आकडा घ्या, सगळ्यात चांगला नको. टेस्टच्या मध्ये मशीन हाताला गार लागेपर्यंत थांबा, अर्थात ती सलग पाच वेळाची टेस्ट सोडून. वहीत सिस्टीमचं व्हर्जन, चार्जर होता की नाही, वेळ हे सगळं लिहा. पाच टक्क्यांच्या आतला फरक सोडून द्या, तो वापरताना कळतच नाही.

शेवटी हे आकडे एकत्र करताना आठवड्यात ते काम किती वेळा करता त्याने गुणा. समजा लॅपटॉपवर प्रत्येक एक्सपोर्टला ६ मिनिटं वाचतात आणि तुम्ही आठवड्याला तीन करता, तर १८ मिनिटं झाली. आणि टॅब उघडून कामाला लागायला ३० सेकंद कमी लागतात आणि दिवसातून सहा वेळा उघडता, तर आठवड्याला २१ मिनिटं. बघा, स्कोअरमध्ये न दिसणारी गोष्ट एक्सपोर्टवर मात करून गेली. बहिणीचे एक्सपोर्ट रोजचे आणि लांब होते, सलग पाच वेळाच्या टेस्टमध्ये टॅब तिसऱ्या फेरीपासूनच मागे पडायला लागला आणि मेसेज बघायला गेली की एक्सपोर्ट थांबत होता, त्यामुळे तिने फॅनवाला लॅपटॉप घेतला. माझ्या मित्राने याच टेस्ट करून टॅब घेतला, तो दिवसभर स्केच काढतो आणि एक्सपोर्ट महिन्यातून एखादाच करतो.