रिकाम्या मैदानांतले ऑलिंपिक कसे पाहावे

टोकियो ऑलिंपिक २०२० च्या उन्हाळ्यात व्हायचे होते. कोविडच्या महासाथीमुळे त्याच वर्षी मार्चमध्ये ते पुढे ढकलण्यात आले आणि अखेर २३ जुलै ते ८ ऑगस्ट २०२१ या काळात पार पडले. अधिकृत नाव मात्र ‘टोकियो २०२०’ हेच राहिले. त्यामुळे चित्रफिती शोधताना याच नावाने शोधावे. ऑलिंपिकच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि यूट्यूब वाहिनीवर या स्पर्धेतील अनेक अंतिम फेऱ्या पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी प्रेक्षकांनी तारखेकडे लक्ष द्यावे, कारण टोकियोत सकाळी झालेली जलतरणाची अंतिम फेरी तिकडे आदल्या दिवशीच्या संध्याकाळी दिसली होती.

पहिली सूचना अशी की, शक्यतो क्षणचित्रे पाहू नयेत. क्षणचित्रांची रचना गर्दीच्या जल्लोषाभोवती झालेली असते आणि टोकियोतील मैदानांत गर्दीच नव्हती. परदेशी प्रेक्षकांना मार्च २०२१ मध्येच मनाई झाली होती. स्पर्धा सुरू व्हायला दोन आठवडे उरले असताना शहरात आणीबाणी जाहीर झाली आणि टोकियोतील मैदाने स्थानिक प्रेक्षकांसाठीही बंद झाली. दोन मिनिटांच्या तुकड्यात हे रिकामेपण केवळ उणीव म्हणून जाणवते. संपूर्ण सामना पाहिला, तर त्याच रिकामेपणामुळे एरवी गर्दीत बुडून जाणाऱ्या गोष्टी ऐकू येतात, आणि माझ्या मते हीच या ऑलिंपिकची खरी मिळकत आहे. म्हणून हेडफोन लावून पाहावे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: आधीच्या स्पर्धांतील प्रेक्षकांचे मुद्रित आवाज वापरण्याची योजना आयोजकांनी जाहीर केली होती, त्यामुळे ऐकू येणारी प्रत्येक गुणगुण त्या दिवसाची असेलच असे नाही.

सुरुवात ५ ऑगस्टच्या भारत-जर्मनी हॉकी सामन्यापासून करावी. पुरुष हॉकीत भारताला ४१ वर्षांनी पदक मिळवून देणारा हा कांस्यपदकाचा सामना ५-४ असा संपला, हे ठाऊक असूनही तो साठही मिनिटे खिळवून ठेवतो. भारत १-३ असा मागे पडल्यानंतर मध्यंतरापूर्वी झालेले दोन गोल तर पाहावेतच, पण चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही कान आपल्या गोलपाशी ठेवावेत. गोलरक्षक श्रीजेश मागून बचावफळीला सतत सूचना देत असतो, आणि भरल्या स्टेडियममध्ये ते दूरचित्रवाणीवर ऐकू येणे कठीणच. शेवटचे काही सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळतो. तो अडवण्यापूर्वीची मांडणी एकदा चित्र थांबवून नीट पाहावी.

त्यानंतर तिरंदाजी घ्यावी. या स्पर्धेत प्रक्षेपणादरम्यान तिरंदाजाच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवले गेले होते. महिलांच्या वैयक्तिक अंतिम लढतीत दक्षिण कोरियाची आन सान आणि रशियाची येलेना ओसिपोवा यांच्यात एकेका बाणाने निर्णय लागला, तेव्हा आनचे ठोके मिनिटाला ११८ होते, तर प्रतिस्पर्ध्याचे १६७. आकडा वाचायचा आणि लगेच हातांकडे पाहायचे, असे दोन-तीनदा केल्यावर हा खेळ कळू लागतो. साताऱ्याच्या प्रवीण जाधवने जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियाच्या बझारझापोव्हला ६-० असे हरवले आणि पुढच्याच फेरीत अमेरिकेच्या ब्रेडी एलिसनकडून तितक्याच फरकाने हार पत्करली. दोन्ही लढती मिळाल्या, तर त्या लागोपाठ पाहाव्यात.

बॅडमिंटनच्या दुहेरीतील गटसाखळी पाहताना कागद-पेन्सिल जवळ असावी. मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांनी तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना पहिल्याच सामन्यात हरवले, तिसरा सामनाही जिंकला, तरीही ते गटातच बाद झाले आणि तैवानच्या त्या जोडीने पुढे सुवर्ण मिळवले. तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाल्यामुळे जिंकलेल्या आणि हरलेल्या गेममधील फरक पाहिला गेला. इंडोनेशियाविरुद्ध दोन्ही गेम गमावणे भारताला किती महाग पडले, ते हा हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

असाच हिशेब बीडच्या अविनाश साबळेच्या ३००० मीटर स्टीपलचेसलाही, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीलाही, लागतो. प्रत्येक प्राथमिक शर्यतीतील पहिले तीन थेट अंतिम फेरीत आणि उरलेल्यांतून सर्वांत वेगवान सहा, असा नियम होता. साबळेने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, पण आपल्या शर्यतीत तो सातवा आला आणि वेळेच्या जोरावरही त्याला जागा मिळाली नाही. म्हणून धावपटूंचा क्रम आणि घड्याळ या दोहोंवर नजर ठेवावी.

भालाफेकीतली नीरज चोप्राची ८७.५८ मीटरची दुसरी फेक सर्वांनी पाहिली आहे. अंतिम फेरीतील इतरांच्या फेका मात्र थोड्यांनीच पाहिल्या असतील. जर्मनीचा योहानेस फेटर प्रबळ दावेदार असूनही पहिल्या तीन फेकांनंतर बाहेर पडला. धावपट्टीवर त्याचा पुढचा पाय कसा टिकत नाही हे पाहावे, म्हणजे नीरजच्या पावलांतली स्थिरता आपोआप दिसेल.

काही ठिकाणी महासाथ निकालातच उतरलेली आहे. बांबू उडीत विश्वविजेता सॅम केंड्रिक्स दिसत नाही, कारण स्पर्धेआधी त्याची चाचणी सकारात्मक आली होती. पदकवितरणात विजेते तबकातून स्वतःच पदक उचलून गळ्यात घालतात, हाही संसर्ग टाळण्याचाच नियम होता. तुलनेसाठी शिझुओका प्रांतातील इझू येथील ट्रॅक सायकलिंग जरूर पाहावे; तिथे मर्यादित संख्येने प्रेक्षकांना प्रवेश होता आणि फरक पहिल्याच शर्यतीत ऐकू येतो.

वेळ उरल्यास नव्हे, तर वेळ काढून पॅरालिंपिक पाहावे. २४ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर २०२१ या काळातील या स्पर्धेत भारताने १९ पदके जिंकली. ३० ऑगस्टची सुमित अंतिलची भालाफेक संपूर्ण पाहावी, कारण एकाच अंतिम फेरीत त्याने विश्वविक्रम तीनदा मोडला आणि ६८.५५ मीटरपर्यंत मजल मारली. त्याच दिवशी कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर १० मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला; पदकांच्या यादीत त्याचे नाव नसल्यामुळे ती लढत निकालपत्रातूनच शोधावी लागते.