स्वतःच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ स्वतः करताना

स्वतःचे पुस्तक स्वतः प्रकाशित करणारा लेखक मुखपृष्ठाच्या विचाराला लागला की बहुधा आधी चित्र शोधू लागतो आणि शीर्षक कोठे बसवायचे हा प्रश्न शेवटावर ढकलतो. मराठी पुस्तकासाठी हा क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या माणसाला चांगले चित्र काढणे अवघड जाते. अक्षरे पारखून घेणे आणि ती नीट मांडणे मात्र थोड्या चिकाटीने साधते. नुसती अक्षरे आणि दोन रंग यांवर उभे राहिलेले मुखपृष्ठ ओढूनताणून चिकटवलेल्या छायाचित्रापेक्षा दुकानातल्या फळीवर अधिक उठून दिसते.

तरीही संगणक उघडण्यापूर्वी छापखान्यात एक फेरी मारावी. पुस्तकाचा आकार, आतल्या कागदाचा प्रकार आणि अंतिम पृष्ठसंख्या या तीन गोष्टी ठरल्याशिवाय मुखपृष्ठाचे माप निघत नाही, कारण मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ हे तिन्ही एकाच सलग कार्डावर छापले जातात. समजा पुस्तक डेमी आकाराचे, म्हणजे सुमारे १४० × २१६ मिलिमीटर आहे आणि त्याची सर्व मजकूर धरून २०० पृष्ठे पक्की झाली आहेत. पानाच्या दोन्ही बाजू छापल्या जातात, म्हणून ही २०० पृष्ठे म्हणजे कागदाची १०० पाने झाली. ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर धरली, तर कणा १० मिलिमीटरचा होतो. रुंदी १४० अधिक १० अधिक १४०, म्हणजे २९० मिलिमीटर. चारही बाजूंना ३ मिलिमीटरचे ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये कापला जाणारा जादा भाग, सोडले की एकूण फाइल २९६ × २२२ मिलिमीटरची करावी लागते. कागदाची जाडी मात्र गिरणीगणिक बदलते. म्हणून त्याच कागदाचा, तेवढ्याच पानांचा कोरा डमी बायंडरकडून करून घेऊन कणा पट्टीने मोजावा. आकडेमोडीपेक्षा हा डमी अधिक विश्वासाचा असतो. या फाइलमध्ये मुखपृष्ठ उजवीकडे आणि मलपृष्ठ डावीकडे येते, हेही लक्षात ठेवावे.

आता अक्षरे. उदाहरणासाठी ‘गुऱ्हाळातले दिवस’ असे एक काल्पनिक शीर्षक घेऊ, कारण देवनागरीच्या बहुतेक अडचणी त्यात एकत्र सापडतात. पहिली अडचण टंकनाची आहे. साधा र, हलन्त चिन्ह आणि ह असे टंकले तर रफार होऊन ‘गुर्हाळ’ असे चुकीचे रूप उमटते. त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरावा लागतो. दुसरी अडचण फॉन्टची. अनेक फॉन्ट हिंदी वळणाचे असतात आणि त्यांतला ल व श मराठी वाचकाला परका वाटतो. काही फॉन्टांमध्ये मराठी रूपे दडलेली असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच ती दिसू लागतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मराठी वळणासाठीच केलेला आहे आणि ललित पुस्तकाला तो शोभतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट अनुक्रमे साध्या आणि खेळकर शीर्षकांना चालतात. मुंबईच्या लोकलसेवेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला ‘यात्रा वन’ शहरी विषयाला साजतो. हे सारे गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात आणि त्यांचा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देतो. इतर ठिकाणांहून उतरवलेला फॉन्ट ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’ असेल, तर तो विक्रीच्या पुस्तकावर लावता येत नाही.

तिसरी अडचण मांडणीची, आणि हौशी मुखपृष्ठ नेमके येथेच ओळखू येते. शीर्षक दोन ओळींत मांडून दोन्ही ओळी डाव्या कडेला टेकवल्या, तर वरच्या ‘गु’चा उकार आणि खालच्या ‘दि’ची वेलांटी एकमेकांवर आदळतात. त्यांना वेगळे करण्यासाठी ओळींमधले अंतर वाढवावे, तर शीर्षकाचे दोन तुकडे पडल्यासारखे दिसते. त्याऐवजी ‘दिवस’ हा शब्द उजवीकडे सरकवून ‘तले’च्या खाली आणावा, तेथे वरच्या ओळीतून खाली काहीच लोंबत नाही, त्यामुळे वेलांटीला मोकळी जागा मिळते आणि दोन्ही ओळी जवळ घेता येतात. रोमन लिपीप्रमाणे अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याने शिरोरेषा जागोजागी तुटते. याच कारणाने कण्यावर अक्षरे एकाखाली एक रचू नयेत. संपूर्ण ओळ काटकोनात फिरवून वरून खाली वाचली जाईल अशी लावावी, म्हणजे पुस्तक टेबलावर मुखपृष्ठ वर करून ठेवले तरी कण्यावरचे नाव सरळ वाचता येते. कणा पाच-सहा मिलिमीटरांहून बारीक असेल तर तो कोराच बरा. घडी किंचित सरकली तरी नाव मुखपृष्ठावर येते.

कोणताच फॉन्ट मनास येत नसेल, तर केवळ शीर्षक एखाद्या सुलेखनकाराकडून लिहून घ्यावे. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नुसत्या अक्षरांतून नाटकाचा बाज उभा केला होता; अक्षर किती काम करू शकते, हे त्यांच्या कामाकडे पाहून कळते.

चित्र हवेच असेल, तर ते इंटरनेटवर सापडले एवढ्यावरून ते आपले होत नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, म्हणून त्यांची चित्रे वापरता येतात. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत कायम आहे. घरच्या अल्बममधले छायाचित्र स्टुडिओत काढलेले असल्यास त्यावरचा हक्क कोणाचा, हेही तपासावे. चित्र छापील मापाला ३०० डीपीआयचे, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचे असावे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो सहसा तेवढा नसतो. संगणकाने रचलेल्या चित्रातली देवनागरी अक्षरे बहुतेक वेळा मोडकी असतात, तेव्हा अशा चित्रात अक्षरे येऊच देऊ नयेत.

मलपृष्ठावरचा मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांत आवरावा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. त्याचा बारकोड खालच्या उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या पट्टीवर काळ्या रंगात, सुमारे ३७ × २६ मिलिमीटर मापाने ठेवावा; जागेअभावी तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो.

पडद्यावर झळाळणारा निळा किंवा पोपटी रंग छपाईच्या चार शाईंत तसा उतरत नाही, म्हणून फाइल सुरुवातीपासून सीएमवायके, म्हणजे याच चार शाईंच्या रंगपद्धतीत ठेवावी. स्क्रायबस हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत द्यावा. चार शाईंत तो छापला आणि छपाई जराशी हलली, की अक्षरांना रंगीत कडा दिसतात. मॅट लॅमिनेशनने रंग थोडे मंदावतात आणि गडद मॅट पृष्ठभागावर बोटांचे डाग व चरे लगेच दिसतात, तेव्हा काळ्या मुखपृष्ठासाठी त्याचा हट्ट धरू नये. छापखान्याला पीडीएफ देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्यावेत, म्हणजे अक्षरे फॉन्टऐवजी नुसते रेखाकार बनतात आणि त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला तरी जोडाक्षरे फुटत नाहीत.

ई-पुस्तकासाठी छापील मुखपृष्ठ जसेच्या तसे चढवू नये. किंडलसाठी उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल असे माप सुचवले जाते, जे डेमीपेक्षा अरुंद आहे, आणि तेथे रंग आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतले, लागतात. वाचकाला ते आधी टपाल तिकिटाएवढे दिसते. म्हणून शीर्षक मोठे करावे, उपशीर्षक गाळावे आणि पार्श्वभूमी पांढरी असल्यास भोवती करड्या रंगाची बारीक रेघ द्यावी, नाहीतर पानाच्या पांढऱ्यात कडा हरवतात.

छपाईपूर्वी प्रत्यक्ष आर्ट कार्डवर एक प्रूफ काढून घ्यावे आणि ते हस्तलिखित कधी न पाहिलेल्या माणसाकडून वाचून घ्यावे. लेखकाला स्वतःच्या नावातली चूकही दिसेनाशी झालेली असते. कर्व्ह न केलेली मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. दुसऱ्या आवृत्तीला कागद बदलला की कणा पुन्हा मोजून ती दुरुस्त करावी लागते.