घरातली लाईट गेली तर फॉल्ट कुठे शोधायचा

लाईट गेली की आपल्याकडे पहिले काय होतं, कोणीतरी पेचकस घेऊन स्टुलावर चढतं अन् बोर्ड खोलायला लागतं. थांबा भो, आधी खालीच उभं राहून बघा अंधार कुठवर आहे ते. गल्लीत लाईट आहे का, शेजारी आहे का, आपल्या घरात पंखा फिरतोय का, एका खोलीचंच गेलं का एकच बल्ब बंद आहे. पूर्ण गल्ली गेली असेल तर तुमच्या घरात शोधायचं काहीच नाही. फक्त तुमचंच घर गेलं तर मेन स्विच अन् मीटरजवळची बाजू. एकच खोली गेली तर त्या लाइनचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप खाली पडणारं बटन), जुन्या घरात किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, आत बारीक तार असलेला), नाहीतर मधला एखादा जॉइंट. अन् एकच बल्ब गेला असेल तर बल्ब, होल्डर आणि बटन, याच्या बाहेर फॉल्ट बहुतेक नसतोच.

हात लावायच्या आधी मेन बंद करा, नुसतं बटन बंद करून भागत नाही कारण बऱ्याच जुन्या घरांत बटन फेजवर (करंट आणणारी वायर) न टाकता न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) टाकलेलं असतं, म्हणजे बटन बंद तरी होल्डरमध्ये २३० व्होल्ट बसलेलेच. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो लागतो ना ते बघून घ्या, मग मेन बंद करून जिथं काम करायचं तिथं लावा. पायात कोरडी चप्पल, लाकडी स्टूल, अन् घरात दुसरं माणूस पाहिजेच, एकट्यानं कधीच नाही. बल्ब, होल्डर, बटन, फ्यूज बदलणं इथपर्यंत आपलं काम, नवीन वायर ओढणं किंवा पॉइंट वाढवणं हे लायसनवाल्या वायरमनचं.

एक बल्ब बंद असेल तर पहिले तो काढून चालू जागी लावून बघा. लागला तर मग होल्डर. आतल्या दोन पितळी पिनांची स्प्रिंग गरमीनं बसून जाते, पिना आत दबलेल्या राहतात अन् बल्बला टेकतच नाहीत, नाहीतर बॅकेलाईट काळं पडून तडकलेलं असतं. असा होल्डर घासत बसू नका, बदला. बटन दाबल्यावर चरचर आवाज येत असेल किंवा जळका वास असेल तर बटन गेलं. जिन्याचा लाईट खालून लागतो अन् वरून लागत नाही असं असेल तर दोघांपैकी एक टू-वे बटन नाहीतर त्यांच्यामधली एक वायर, बल्बला दोष नाही.

आता खरी गोष्ट, जिथं चांगले चांगले लोक अडकतात. खोलीतले सगळे बल्ब बंद, एमसीबी वरच आहे, टेस्टर लावला तर लागतोय. मग म्हणतात सप्लाय तर येतोय, सगळे बल्बच उडाले असतील. तसं नसतं. टेस्टरमधला छोटा दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर लागतो, त्याला न्यूट्रलची गरजच नाही, तो एवढंच सांगतो की इथं फेज आहे. न्यूट्रल मध्येच तुटला असेल तर टेस्टर मस्त लागेल अन् बल्ब मात्र लागणार नाही. त्याच्यापुढचं अजून धोक्याचं, बटनं चालू असतील तर फेज बल्बमधून फिरून तुटलेल्या न्यूट्रलच्या पुढच्या वायरवर येऊन बसतो, टेस्टर दोन्ही वायरींवर लागतो अन् काळ्या वायरलाही झटका बसतो. काळी वायर म्हणजे न्यूट्रल, तिला हात लावला तर काय होतं, असं समजून बरेच जण तिथं फसतात. बटनं चालू असताना टेस्टर दोन्हीकडे लागला म्हणजे बहुतेक न्यूट्रलच तुटलाय असं धरा.

म्हणून वायरमनकडे टेस्टलॅम्प असतो, एक होल्डर, ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि दोन वायरी. एक टोक फेजला अन् दुसरं न्यूट्रलला लावल्यावर बल्ब फुल लागला तर दोन्ही ठीक, मंद लागला किंवा लागलाच नाही तर दोघांपैकी एक ढिला. हे काम चालू लाइनीवरचं आहे, सवय नसेल तर करू नका, वायरमनला एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा तास वाचतो की दोन्हीकडे टेस्टर लागतोय. फॉल्ट कुठे असतो तर शेवटचा चालू पॉइंट अन् पहिला बंद पॉइंट यांच्या मध्ये. तिथला बोर्ड मेन बंद करून उघडा, मागे न्यूट्रलचा पिळा मारून टेप गुंडाळलेली दिसेल. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, टेपचा चिकटा सुटतो, त्यात जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर ती रोज तापून-थंड होऊन स्क्रूखाली ढिली पडते. धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरात लाकडी पट्टीतून गेलेल्या वायरींचं तर विचारूच नका, त्यात धान्याच्या खोलीतून लाइन गेली असेल तर उंदीरही बघा. काळा पडलेला तुकडा कापून टाका, वायर नव्यानं सोलून कनेक्टरमध्ये घट्ट आवळा, नुसती टेप वाढवून काही होत नाही.

एमसीबी पडत असेल तर त्या लाइनीवरची सगळी बटनं बंद करा, प्लग काढा अन् मग वर करा. तरी पडला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे, तिथंच थांबा, परत परत वर करू नका. एमसीबी वरच टिकला तर एकेक बटन चालू करत जा, ज्याच्यावर पडेल तोच पॉइंट. कानबाईच्या सणाला लोक झालरी लावतात, बाहेरच्या होल्डरमधूनच दोन वायरी काढून माळा जोडतात, तो जॉइंट नंतर तसाच लटकत राहतो अन् पहिल्या पावसात शॉर्ट होतो, तिथं आधी बघा. लाइटिंगला ६ नाहीतर १० अँपिअरचा एमसीबी असतो कारण वायर १ किंवा १.५ स्क्वेअर एमएमची असते. सारखा पडतो म्हणून ३२ चा टाकला तर एमसीबी पडणार नाही, वायर भिंतीत जळेल. किटकॅटमध्ये जाड तांब्याचा तार दुमडून टाकणं म्हणजे तेच.

आरसीसीबी (करंट कुठे गळाला की लाइन तोडणारा डबा) असेल अन् फक्त पावसातच पडत असेल तर गच्चीचा, अंगणाचा नाहीतर न्हाणीचा लाईट बघा, पाणी शिरलेलं असतं. बटन बंद असतानाही पडतो म्हणून लोक बुचकळ्यात पडतात, पण बटन एकच वायर तोडतं, ओला झालेला न्यूट्रल अर्थिंगला टेकला तरी आरसीसीबी पडतो. ३० मिलिअँपिअरचा तो डबा तुमच्या जीवासाठी आहे, त्रास होतो म्हणून बायपास करू नका, हात जोडून सांगतो.

एलईडी बंद केल्यावरही मंद चमकत असेल तर बहुतेक बटन न्यूट्रलवर आहे, किंवा बटनात लाल इंडिकेटर आहे. इंडिकेटरवालं काही नाही, पण बटन न्यूट्रलवर असेल तर फेजवर करून घ्या.

अन् एक फॉल्ट असा की घरात शोधूच नका. बल्ब अचानक खूप लख्ख झाले, टीव्ही-फ्रिज गुरगुरायला लागले, अन् बाजूच्या घरात मात्र मंद झाले, म्हणजे खांबावर किंवा डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटलाय. अशा वेळी घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. पळत जाऊन मेन बंद करा, शेजाऱ्यांना ओरडून सांगा, मग वीज कंपनीच्या १९१२ ला फोन लावा. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक मेन बोर्डाच्या आत लिहून चिकटवलेला असेल तर अंधारात बिल शोधावं लागत नाही.